यायच्या दाराचा उंबरा

मसूर उपटायची ती पहाटे, दहिवर सुकायच्या आत. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणा रानातच सांडतो. हे मला आजही कुणी सांगावं लागत नाही. निपाणीच्या शाळेत तीसेक वर्षं फळ्यावर खडू घासला, त्या गावच्या तंबाखूची झणक नाकात मुरली, केस पांढरे झाले, तरी माघ लागला की पहाटे आपोआप जाग येते आणि बोटं उगाचच ओली वाटायला लागतात. अंथरुणात पडल्या पडल्या मी मनातल्या मनात मसुरीची एक ओळ उपटून काढते. मग उठते आणि चहा ठेवते.

गेल्या आठवड्यात मात्र खरंच त्या वासात जाऊन आले. अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, नात बंगळूरहून विमानानं येणार होती. अण्णा अजून आमच्या गावात, निलजीतच राहतो, आणि सांबऱ्याचं विमानतळ तिथून जवळ. "तू बी ये गं शकू, दोघं मिळून आणाय जाऊया," असा त्याचा फोन आला, तेव्हा मी पिशवीत एक लुगडं टाकलं आणि बस पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची रिक्षा सांबऱ्याच्या रस्त्याला लागली आणि दोन्ही बाजूंच्या रानांतून तो वास आला. उपटलेल्या मसुरीचा, ओल्या मुळांचा आणि खाली उघड्या पडलेल्या काळ्या मातीचा. अण्णा रिक्षावाल्याला म्हणाला, "जरा हळू घे रं." रिक्षावाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला धक्के सोसत नाहीत.

नवी इमारत काचेची आणि उंच आहे. आत दिवसाढवळ्या दिवे लागलेले असतात. बाहेर मोटारी लावायला एवढी जागा, की आमच्या गावची जत्रा त्यात मावून वर पाळणा उभा राहील. आम्ही येणाऱ्यांच्या दारासमोर थांबलो. ते दार आपलं आपण उघडायचं आणि आपणच मिटायचं. एकदा तर समोर कुणी नसताना उघडलं, आणि मी कुणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला सरकले. अण्णा दाराकडं बघतच नव्हता. सत्तरी ओलांडलेला हा माणूस काठीवर भार देऊन फरशीचे जोड तपासत होता. जन्मभर गवंडीकाम केलेल्या माणसाला फरशीवर नुसतं उभं राहता येत नाही.

"जोड बरं मिळवल्यात," तो म्हणाला. "पर शकू, उंबरा न्हाय बघ."

"एरोड्रमला असतोय व्हय उंबरा?" मी विचारलं.

आणि आम्ही दोघं असे काही हसलो, की दारावरचा पहारेकरी आमच्याकडं संशयानं बघायला लागला. त्याला काय सांगणार? इथल्या यायच्या दाराला एकदा उंबरा होता. चारच दिवस होता. तो आमच्या आप्पांनी बसवला होता.

तेव्हा विमानतळ हा शब्द आमच्याकडं फक्त वर्तमानपत्रात असायचा. बोलताना आम्ही म्हणायचो एरोड्रम. आणि उतारूंची इमारत म्हणजे काय, तर कौलांची एक खोली आणि पुढं पडवी. खोलीत दोन बाकडी, एक टेबल, सामान तोलायचा काटा आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. दिवसातनं एक विमान यायचं, तेही येईलच असं नाही. ते यायच्या आधी राखणदार सायकलवरनं शिट्टी फुंकत धावपट्टीवरच्या म्हशी हाकलायचा. म्हशींना त्याची सवय झाली होती. त्या शिट्टीला न जुमानता चार पावलं सरकायच्या आणि विमान उतरून गेलं की परत येऊन बसायच्या. आसपासच्या रानांत बायका विमानाच्या आवाजावर भाकरी सोडायच्या. त्यामुळं विमानाला उशीर झाला की चार गावं उपाशी राहायची.

शहापूरचा एखादा साडीचा व्यापारी मुंबईला निघाला, की त्याला पोचवायला वीस माणसं यायची. आजी, सुना, लेकरं, दुकानातला गुमास्ता, झालंच तर शेजारी. खोलीत मावायची दहा, बाकीची पडवीत, उरलेली उन्हात. आम्ही पोरी तारेच्या कुंपणाबाहेरनं त्या बायकांच्या साड्या बघायचो. उडणारा एकटाच आणि रडणाऱ्या सात. पुढं ती इमारत वाढली, पुन्हा वाढली, मोडून नवी झाली. सगळे म्हणतात प्रवासी वाढले म्हणून. माझं मत वेगळं आहे. ती वाढली पोचवायला आणि आणायला येणाऱ्यांमुळं.

आप्पा माझे वडील. निलजीत आमचं थोडं रान होतं, त्यात पावसाळ्यात भात आणि मागनं मसूर. रानातलं काम उरकलं की आप्पा गवंडी. दगडाचं काम करावं तर आप्पांनी, असं बेळगावपर्यंत लोक म्हणायचे. हातात टाकी, म्हणजे दगडाची छिन्नी, घेतली की त्या काळ्या दगडावर बारीक तिरप्या रेघा अशा उमटत जायच्या, की हात फिरवल्यावर तळव्याला गुदगुल्या व्हाव्यात. त्या रेघांवरनं भिंत आप्पांची की दुसऱ्याची, हे आम्हां भावंडांना डोळे झाकून कळायचं.

हाताला जितका मऊपणा, तितका माणूस हट्टी. एकदा रेशनच्या साखरेवरनं दुकानदाराशी वाजलं आणि आप्पा बोलून गेले, "तुझी साखर माझ्या तोंडाला लागायची न्हाय." दुकानदार वारला, दुकान त्याच्या लेकाकडं गेलं, लेक स्वतः येऊन साखर देऊन गेला, तरी आप्पा शेवटपर्यंत गुळाचाच चहा प्याले. बोललेला शब्द मागं घेणं त्यांच्या अंगात नव्हतं. ते त्यांना मोठेपणाचं वाटायचं. आईला ते काय वाटायचं, हे तिनं कधी सांगितलं नाही, पण गूळ चिरताना तिची विळी जरा जास्तच वाजायची.

आणि उंबरा. आप्पांच्या लेखी दार म्हणजे चौकट नव्हे, फळ्या नव्हेत, उंबरा. घर बांधायला घेतलं की ते उंबऱ्याचा दगड स्वतः निवडायचे, स्वतः घडवायचे आणि बसवायच्या दिवशी नवं धोतर नेसायचे. दगडाखाली एक खोबण ठेवायची आणि त्यात घरच्या बाईनं मूठभर धान्य घालायचं, ही आमच्याकडची रीत. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. पायातलं अंगणात काढायचं. पाहुणा फौजदार असो नाहीतर जावई, आप्पा ओट्यावरनं हटकायचे, "पाव्हणं, चपला."

अशा माणसाशी अण्णाचं भांडण झालं ते दगडावरनं. अण्णा पंचविशीतला, आप्पांच्याच हाताखाली तयार झालेला. त्या वर्षांत आमच्या भागातले गवंडी आखाती देशांत जायला लागले होते. खानापूरकडचे चारजण गेलते, चिकोडीचे गेलते. एक दिवस जेवताना अण्णानं ताटात बघत सांगितलं, की त्यानंही नाव दिलंय.

"वाळवंटात भिंती बांधाय जातोस?" आप्पा म्हणाले. "हितला दगूड संपला काय?"

"आप्पा, दगडाचं दीस संपलं," अण्णा म्हणाला. "आता सगळं सिमीट. तुमी बी शिकून घ्या."

तो वाईट मनानं नव्हता बोलला. पण आप्पांचा घास हातातच राहिला. ते उठले, हात धुतले आणि दाराकडं बोट करून म्हणाले, "मग जा. अन् ह्या दगडाच्या उंबऱ्याला परत पाय लावू नगंस."

अण्णा दोन दिवसांनी गेला. आप्पा तेव्हा मुद्दाम रानात गेले होते. घरातनं निघताना उंबरा ओलांडायचा, वळायचं आणि 'येतो' म्हणायचं, एवढं तर शेंबडं पोरही करतं. अण्णानं उंबरा ओलांडला आणि वळला नाही. वळला असता तर रडला असता, हे मला कळलं. आई दाराची चौकट धरून उभी होती, तिलाही कळलं असणार. पण कळण्यानं काही हलकं होत नाही.

मग निळी पत्रं यायला लागली. मी ओट्यावर बसून आईला वाचून दाखवायची. आप्पा घरालगतच्या परड्यात दगड घडवत असायचे, पाठ आमच्याकडं. पत्र सुरू झालं की टाकीचा आवाज थांबायचा आणि पत्र संपलं की पुन्हा सुरू व्हायचा. मी लबाडी करायची. मधला एखादा मजकूर दोनदा वाचायची, जरा मोठ्यानं. आप्पांनी कधी एका अक्षरानं विचारलं नाही. दर पत्राच्या शेवटी अण्णा लिहायचा, आप्पांना नमस्कार सांगा. मी सांगायची. आप्पा म्हणायचे, "व्हय." तेवढंच.

अशी दोन वर्षं गेली आणि ती सुगी आली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन घरात बसलेली. एक कंत्राटदार मोटारसायकलवरनं आला आणि म्हणाला, एरोड्रमची खोली वाढवायचीय, एक मोठा हॉल, दर्शनी भिंत घडीव दगडाची, येता काय? आप्पांच्या हातात शहापुरातलं एक चांगलं काम होतं. ते सोडून ते "येतो" म्हणाले, आणि तेही दगड कुठला, वाळू कुठली हे न विचारता. आई चुलीपाशी होती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं.

त्या सुगीचे दिवस अजून अंगात आहेत. पहाटे रानात जायचं. दहिवरानं लुगड्याचा काठ भिजून पिंढऱ्यांना चिकटायचा. मसुरीच्या जुड्या उपटून पालथ्या घालायच्या. बोटं हिरवी आणि सुन्न. ऊन वर आलं की हात झाडायचे, बांधावर बसून भाकरी आणि ओल्या मिरचीचा खर्डा खायचा आणि तिघांनी बांधाबांधानं एरोड्रमला जायचं. आप्पा पुढं, खांद्यावर हत्यारांची पिशवी, मग आई, मग मी. आई आणि मी पाट्या वाहायचो. चुन्यानं तळवे भाजायचे आणि त्या भाजण्याखालून मसुरीचा वास यायचा. दुसऱ्या गावच्या बायका असायच्या. एकजण गाणं धरायची, विमान आलं की बुडून जायचं, विमान गेलं की त्याच ओळीपासून पुन्हा सुरू. मी जन्मात इतकी दमले नाही आणि इतकी हसलेही नाही.

हॉल उभा राहायला लागला. त्याला दोन दारं ठेवली होती, एक जाणाऱ्यांचं, एक येणाऱ्यांचं. आप्पांना ते पटेना. "जायाचं येगळं अन् यायाचं येगळं? मानूस एक न्हवं काय?" असं ते दोन दिवस पुटपुटत होते. पण मी एक बघत होते. विमान उतरलं की आप्पांचा हातोडा थांबायचा. शिडीवरनं माणसं खाली यायची, उन्हातनं चालत यायची. त्यात एखादा तरुण गडी सुटकेस घेऊन असला, की आप्पा डोळ्यांवर हात धरायचे. तो जवळ आला, चेहरा दिसला, की हातोडा पुन्हा चालू. आखातातनं येणारा माणूस आधी मुंबईला उतरतो, मग बहुतेक रेल्वेनं नाहीतर बसनं येतो, हे त्यांना माहीत होतं. तरीही रोज बघायचे.

"काय बघूलालाय?" आईनं एकदा मुद्दाम विचारलं.

"भिंत सरळ हाय का बघूलालोय," आप्पा म्हणाले. भिंत त्यांच्या पाठीमागं होती.

दारांचं काम आलं, तेव्हा आप्पांनी घरनं बैलगाडीत एक दगड आणला. मी तो ओळखला. अण्णाच्या लग्नात मागं खोली काढायची, तिच्या दाराला म्हणून खाणीवर जाऊन निवडलेला. अण्णा गेल्यापासून परड्यात पडून होता आणि कोंबड्या त्यावर बसायच्या. आप्पांनी तो चार दिवस घडवला. पाचव्या दिवशी नवं धोतर नेसून आले आणि यायच्या दाराला उंबरा बसवला. आईला म्हणाले, "घाल." आईनं पदराच्या गाठीतली नव्या मसुरीची मूठ सोडली आणि खोबणीत घातली. जायच्या दाराला त्यांनी काही केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "दगूड एकच हाय."

कंत्राटदार गावाला गेला होता. बाकीच्या गवंड्यांनाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही, कारण आमच्यापैकी प्रत्येकानं जन्मभर घरंच बांधली होती. दार आहे म्हणजे उंबरा आला. चार दिवस आम्ही त्याला पाणी मारलं. एक सुटाबुटातला उतारू हॉल बघायला म्हणून आला आणि त्यानं उंबऱ्यावर बूट टेकवला, तर आप्पा ओरडले, "पाव्हणं, पाय काढा!" तो बिचारा घाबरून दोन्ही पायांनी मागं उडाला.

पाचव्या दिवशी इंजिनियर आला. धारवाडकडचा, कानडी, वयानं अण्णाएवढाच. दारात येऊन थांबला आणि हे काय म्हणून विचारू लागला. "एन्री मेस्त्री, इदु एनु?"

"उंबरा, साहेब."

त्यानं सामानाची हातगाडी मागवली आणि दारातनं ढकलली. गाडी उंबऱ्याला धडकून थांबली आणि वरची पेटी खाली आली. "गाडी ह्यांग होगबेकरी?" गाडी जायची कशी, असं त्यानं विचारलं.

आप्पांनी गाडीकडं बघितलं, दगडाकडं बघितलं. "गाडीला दुसरं दार करूया," ते म्हणाले.

इंजिनियर हसला. मग आप्पांचा चेहरा बघून थांबला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "मेस्त्री, घराला उंबरा बरोबर. पण हे घर नाही."

"मानसं येत्यात न्हवं हितं?" आप्पा म्हणाले. "यायच्या दाराला उंबरा नसला, तर आलेल्या मानसाला कळायचं कसं, आलो म्हणून?"

त्या पोरानं पडलेली पेटी उचलून गाडीवर ठेवली आणि हळू म्हणाला, "दगड फार छान आहे. मोडू नका. घरी घेऊन जावा."

पहार लावून उंबरा उचलला, तेव्हा त्याचा एक कोपरा उडाला. खालच्या खोबणीत मसुरीला मोड आले होते. पांढरे, एवढे एवढे. इंजिनियरनं वाकून विचारलं, हे काय? आई लाजून म्हणाली, "सुगीची हाय, साहेब. रीत हाय." त्यानं चार मोड तळहातावर घेतले आणि बघत राहिला. आप्पांनी दाराची जागा गुळगुळीत करून दिली. स्वतःच्या हातानं, दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. परतताना बैलगाडीत दगडाशेजारी बसले होते, फुटलेल्या कोपऱ्यावर तळवा ठेवून. इतकं मोडलेलं मी त्यांना अण्णा गेला तेव्हाही बघितलं नव्हतं.

पुढं मी त्या विमानतळावर कितीदा गेले. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन निपाणीला गेल्यावर नवऱ्याच्या साहेबांना पोचवायला एकदा, नणंदेला आणायला एकदा. दर वेळी काहीतरी वाढलेलं असायचं. पडवीवर पत्रे आले, बाकड्यांच्या जागी खुर्च्या आल्या, माठ गेला आणि थंड पाण्याचं यंत्र आलं, म्हशींच्या वाटेवर भिंत आली. कधी विमानंच बंद पडायची आणि तो हॉल शाळेच्या सुट्टीतल्या वर्गासारखा रिकामा असायचा. आता तर आप्पांची भिंतही कुठं दिसत नाही. मला त्याचं फार दुःख होत नाही. इमारतीनं वाढावं, त्यासाठीच ती असते. पण जाणाऱ्यांकडं बघत उभं राहिलं की एक जाणवतं. त्यांना वळायचं कुठं, तेच कळत नाही. काचेपाशी वळतात, रांगेत वळतात, यंत्रातनं पेटी गेली की वळतात, चार वेळा हात हलवतात, आणि तरी आपलं समाधान होत नाही. उंबऱ्यावर एकदाच वळायचं असे आणि ते पुरायचं.

तर तो दगड अंगणात पडून राहिला. आठ दिवस, पंधरा दिवस. मसुरीची मळणी झाली, भुसा उडाला, पोती घरात आली. आप्पा येता-जाता त्याच्याकडं बघायचे नाहीत. एका सकाळी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्यो धोंडा वाटंत किती दीस ऱ्हाणार? घागर आणताना मला लागतोय."

"मग कुठं ठेवू?" आप्पा ओट्यावरनं म्हणाले.

"दाराला बसवा."

"दाराला हाय की एक."

"त्यो काढा," आई म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं आणि मग, तव्याशीच बोलावं तसं, "तुमचा शबूद त्या उंबऱ्याला हाय. त्यो निघाला, की शबूद बी निघाला."

दोन वर्षांत या घरात त्या शब्दाचं नाव कुणी काढलं नव्हतं. आप्पांनी गुळाचा चहा संपवला, पेला पालथा घातला आणि रानात निघून गेले. दिवसभर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहारेच्या आवाजानं मला जाग आली. आप्पा आमच्या दाराचा उंबरा उचकटत होते. अंगावर नवं धोतर होतं.

जुना उंबरा आईनं परड्यात धुणं बडवायला घेतला. आप्पांच्या त्या शब्दावर ती पुढं कैक वर्षं साबण घासत होती आणि आप्पा ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

त्याच संध्याकाळी आप्पा मला म्हणाले, "कागूद घे. लिव्ह." मी निळा कागद घेतला. "लिव्ह. जुना उंबरा काढला. नवीन बसीवला. उंची साडेतीन बोटं." मी लिहिलं आणि वाट बघत बसले. "पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय? गवंडी हाय त्यो. कळंल त्याला."

खाली मी माझं काहीही जोडलं नाही. आयुष्यात मी पुष्कळांना निबंध शिकवला, पण यापेक्षा चांगलं पत्र मला कधी तपासायला मिळालं नाही.

अण्णा आला तो पुढच्या सुगीत. आखातातनं मुंबईला, आणि मुंबईहून चक्क विमानानं सांबऱ्याला. तार आली तेव्हा आई आणि मी निघालो. आप्पा म्हणाले, "मसूर कोण उपटणार?" सगळी मसूर आठवड्यापूर्वीच उपटून झाली होती. हॉल आता वापरात होता, रंगाचा वास येत होता. शिडीवरनं माणसं उतरली आणि त्यांत अण्णा होता, अंगानं भरलेला, तपकिरी बूट घातलेला. यायच्या दारातनं तो सरळ बाहेर आला, अडखळायला काही नव्हतंच. आम्हाला भेटायच्या आधी त्याचं लक्ष दर्शनी भिंतीकडं गेलं. त्यानं तिच्यावर तळवा ठेवला, रेघांवरनं फिरवला आणि मग आईच्या पायाशी बसला. भर दुपारी, सगळ्या लोकांसमोर, दोघं रडत होती आणि मी सुटकेस धरून उभी होते.

बैलगाडीतनं घरी आलो. आईनं पाणी आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला. अण्णा दारासमोर उभा राहिला. आत अंधारात आप्पा भिंतीशी बसलेले दिसत होते. अण्णानं खाली बघितलं. मग उकिडवा बसला आणि उंबऱ्यावरनं हात फिरवला. उडालेल्या कोपऱ्यापाशी बोट थांबलं.

"ह्यो माझ्या खोलीचा दगूड," तो म्हणाला. "कोपरा कुणी फोडला?"

"काढताना फुटला," आतनं आप्पा म्हणाले.

"कुठनं काढताना?"

"एरोड्रमच्या दारातनं. तितं नगो म्हनाले."

अण्णाला सगळं कळलं की नाही, मला सांगता येणार नाही, पण त्याचे खांदे हलायला लागले. आप्पा उठून दाराशी आले. त्यांच्या आणि अण्णाच्या मध्ये तेवढा साडेतीन बोटांचा दगड.

"दगडाचाच हाय," आप्पा म्हणाले. "चालंल का तुला?"

अण्णानं मान हलवली आणि तो बुटाच्या नाड्या सोडायला लागला. आम्ही कुणी असे बूट बघितले नव्हते, नाड्या संपता संपत नव्हत्या. डोळ्यांतलं पाणी हातावर पडत होतं, एक गाठ सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट बसली. तो ओढत राहिला. मग आप्पा खाली वाकले आणि त्याचा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे रं," आप्पा म्हणाले. "बुटासकट ये."